पाखरांची मूठ

थंडी पडली की आमच्या चौकात संत्र्याचे ठेले उभे राहतात. सकाळी कोणीतरी वाळका पाला पेटवून शेकत बसतं. ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास असतो. साल, धूर आणि डांबरगोळी हे तीन वास एकत्र आले की समजावं, नागपूरचा हिवाळा आला. बाकीचं शहर या दिवसांत खूश असतं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटवणारं हे गाव वर्षातले दोन महिने माणसांशी बरं वागतं. मला मात्र याच दिवसांत तोंडात संत्र्याची बी चावल्यासारखं होतं. फोड गोड असते, पण दाताखाली बी फुटली की सगळी गोडी जाते आणि पाणी प्यायलं तरी कडवटपणा जिभेवर बसून राहतो.

याच सुमारास आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर मेसेज येतो. रविवार, काटोल रोड, सकाळी पावणेसहाला चौकात, गडद कपडे, सेंट लावू नये, आपापला थर्मास. यंदाही आला. लोकांनी पटापट अंगठे टाकले. मी टाकला नाही. नाहीही म्हटलं नाही.

ज्या ठिकाणी ही मंडळी दरवर्षी जातात ते ठिकाण माझ्या बाबांनी तयार केलं. आणि ते त्यांच्या हातून गेलं ते माझ्यामुळे. एवढ्या दोन वाक्यांची ही गोष्ट आहे. तीन हिवाळे झाले, पण ती दोन वाक्यं माझ्या तोंडून कोणासमोर निघाली नाहीत.

आम्ही कोष्टी. माग चालवणारे लोक. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली, आणि नुसती जाऊन आलेली नाही, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी. हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते. लोकांना ते खटकत असेल तर खटको. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीला लटकल्या आहेत त्यांना नम्र राहणं परवडतं.

माझं लहानपण पाजणीच्या वासात गेलं. पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे बांबूवर ताणून ठेवायचे आणि त्यांवर कुंच्याने भाताची पातळ खळ चढवायची. याला पाजणी म्हणतात. खळ प्यालेला धागा मागावर तुटत नाही. थंडीत त्या खळीची वाफ निघायची, गल्लीभर कोमट भाताचा वास असायचा, आणि दोन्हीकडून बाया-माणसं कुंचे घेऊन एका तालात चालायची. पण भाताचा वास जसा आम्हाला यायचा तसा पाखरांनाही यायचा. चिमण्या, साळुंक्या ओल्या ताण्यावर उतरायच्या. एक चोच पडली की पाच धागे गेलेच. म्हणून आमच्या गल्लीचा नियम होता. खळ शिजली की पहिली मूठ गल्लीच्या पार टोकाला, एका चपट्या दगडावर ठेवायची. पाखरांची मूठ. ती ठेवल्याशिवाय कोणी कुंचा उचलायचा नाही.

शाळेत असताना मी बाबांना विचारलं होतं की हे पुण्यासाठी करता का. ते हसले होते.

"पुन्याचं काय त्यात? त्याचं त्याले देऊन टाक, मंग ते तुह्या धाग्यावर येत नाही."

पुढे माग बंद पडला. आमचाच नाही, सगळ्या गल्लीचा पडला. त्याचं रडगाणं मी गाणार नाही, ते फार लोकांनी गाऊन झालंय. आई गेली, मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं. बाबा मात्र जावयाच्या घरी राहायला तयार नव्हते. काटोलच्या अलीकडे एका बागायतदाराच्या संत्र्याच्या बागेत ते राखणदार म्हणून लागले. बागेच्या मागे नाला, नाल्यापलीकडे सागाचं, पळसाचं, मोहाचं जंगल. त्यांचं काम होतं गोफण घेऊन पाखरं हाकलणं. साठ वर्षांचा माणूस, हातमागावर खांदे झिजलेला. आठ दिवस त्यांनी गोफण फिरवली. नवव्या दिवशी खांदा वर जाईना.

मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. नाल्याच्या काठाला एक मोठा बेहडा होता, त्याच्याखाली त्यांनी चपटे दगड मांडले. पहाटे आपल्या भाताबरोबर मूठभर तांदूळ जास्त टाकायचे, तो भात खळीसारखा मऊ शिजवायचा, बिनमिठाचा, त्यात थोडं ज्वारीचं पीठ. गार झाला की दगडांवर पसरायचा. गळालेली संत्री अर्धी कापून फांद्यांच्या बेचक्यात खोचायची. मातीच्या उथळ परळात पाणी. पंधरा दिवसांत पाखरं बागेतून उठून बेहड्याखाली गेली. मालकाला वाटलं, राखणदार जादू करतो की काय.

पाखरं आली तशी माणसंही आली. कोणी मोटारसायकलवर, गळ्यात कॅमेरा. मग दोघं, मग जीपभर. मालक हुशार माणूस. त्याने बेहड्यासमोर हिरव्या जाळीची झोपडी बांधली, जाळीला कॅमेऱ्याच्या नळकांड्याएवढी भोकं पाडली, रस्त्यावर इंग्रजीत फलक लावला आणि तिकीट ठेवलं. बाबांची गोफण सुटली. आता ते पाखरांचे आणि साहेब लोकांचे, दोघांचेही राखणदार. त्या वर्षी त्यांच्या फोनवरच्या आवाजात जी ऐट होती ती मी त्यांच्या मागावर लुगडं उतरायचं त्या दिवशीच फक्त ऐकलेली.

"शाले, आज माह्याकडं पुन्याची मानसं आली होती," ते सांगायचे. शाले म्हणजे मी, शालिनी. "पुन्याची. नागपूर सोडून माह्याकडं."

आमच्या ग्रुपला तिथे घेऊन जायचं मीच ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी बाबांना लपवलं नाही. आमच्यातले कितीतरी शिकलेले लोक मी पाहिले आहेत, कॉलनीत ओळख करून देताना बापाला 'गावाकडचे' म्हणतात आणि विषय बदलतात. मी तशी नाही. गाडीतच मी सगळ्यांना सांगितलं, तिथली व्यवस्था बघतात ते माझे वडील आहेत, विणकर होते, चौथी शिकलेले आहेत. लपवलं नाही याचा मला इतका अभिमान होता की आपण काही चुकीचं करू शकतो हे त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या रविवारचं धुकं अजून आठवतं. काटोल रोडला गाडीच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या आणि ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी दुपट्ट्याने काच पुसत होता. बागेच्या फाटकाशी बाबा उभे होते. कान मफलरने बांधलेले, हातात टॉर्च, दाढी ताजी केलेली. हनुवटीवर एक कापल्याची रेघ होती. माझ्या लोकांसाठी त्यांनी अंधारात दाढी केली होती.

"आली का वं? थंडी लागली असंन. चहा ठेवला हाये," असं मला म्हणाले, आणि बाकीच्यांना हात जोडून, "या साहेब, या बाई. पायाकडं पाहा, नळी हाये."

आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो. नावं दोनच पुरे. एक ग्रुपचे प्रमुख, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे सर म्हणतात. आणि दुसऱ्या माझ्याच कॉलेजातल्या, वनस्पतिशास्त्राच्या पाठक मॅडम. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारात कारकून होते, हे त्या सहज बोलता बोलता सांगतात, म्हणजे महिन्यातून एकदा.

जाळीच्या आत बसायला प्लॅस्टिकचे स्टूल होते. पायाखालून गारठा चढत होता. बाबा पातेलं घेऊन बेहड्याखाली गेले. आधी त्यांनी कालचं जे काही दगडांवर चिकटलं होतं ते नारळाच्या शेंडीने घासून काढलं, वर पाणी ओतलं, दगड गमछ्याने कोरडा केला. मग भात पसरला. पसरताना तळहात असा फिरवला जसा ते ताण्यावर कुंचा फिरवायचे, एकाच दिशेने, हलका, न थांबता. तो हात मी ओळखला आणि क्षणभर मला आमची गल्ली दिसली. परळातलं पाणी उपसून नवं भरलं. मग ते मागे न बघता चालत आले आणि जाळीत माझ्या बाजूला उकिडवे बसले.

"आता बोलू नका. सात मोजा."

सात मोजायच्या आत सातभाई आले. भांडत, एकमेकांना ढकलत, लग्नाच्या पंगतीत आधी बसणाऱ्यांसारखे. मग बुलबुल आले, संत्र्यावर. टकाचोर आला, त्याने भाताचा गोळा उचलला आणि खोडाच्या सालीत दडवून ठेवला. हळद्या इतका पिवळा होता की धुक्यात कोणी दिवा धरलाय असं वाटावं. तांबट अर्ध्या संत्र्यात डोकं घालून बसला आणि बाहेर काढलं तेव्हा त्याची चोच रसाने चमकत होती. उन्हाची पहिली तिरीप दगडांवर पडली तेव्हा जमिनीवर एक हुदहुद उतरला, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर तुरा.

"करवती," बाबा कुजबुजले.

"काय म्हणाले?" पाठक मॅडमनी विचारलं.

"करवतकाठी लुगड्याचा काठ असते ना बाई, करवतीच्या दातांचा. तो पाहा त्याच्या पाठीवर."

सगळ्या पाखरांना त्यांनी अशी नावं दिली होती. माझ्या विषयात त्यांना लॅटिन नावं आहेत आणि ती मला पाठ आहेत. पण त्या सकाळी मी पहिल्यांदा पाहिलं की हुदहुदाचा पंख खरोखर काठासारखा विणलेला असतो. पंधरा वर्षं मी तो वर्गात फळ्यावर काढत आले होते.

मग पाण्यावर ते आलं. पांढरं शुभ्र, डोकं काळंभोर, आणि मागे हातभर लांब दोन पिसं, हवेत मागे सुटलेली. परळावर एक गिरकी, पाण्याला एक स्पर्श, परत फांदी. पिसं फांदीखाली लोंबत राहिली. नऊ जणांपैकी एकाच्याही कॅमेऱ्याचा आवाज आला नाही, कारण कोणाला बटण दाबायचं सुचलं नाही.

"दशीवाला," बाबा म्हणाले. "तीन दिस झाले येऊन राहिला. म्या फोनवर सांगतलं नाही तुले. म्हटलं, तू आली की पाहशीन."

"स्वर्गीय नर्तक," सर हळूच म्हणाले. "नर. काय नशीब आहे."

"असंन साहेब. आमच्यात पदराच्या सुट्या धाग्यांले दशी म्हनतात."

पाठक मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत. मुलाच्या बोबड्या बोलाला हसावं तसं हसल्या. मला ते लागलं. पण बाबांना नाही लागलं. ते खूश होते. त्यांच्या पोरीच्या लोकांना त्यांनी दशीवाला दाखवला होता.

नऊच्या सुमारास आम्ही जाळीबाहेर आलो. उन्हात सतरंजी टाकली. डबे उघडले, कोणाचे पोहे, कोणाचा शिरा. बाबांनी संत्री आणून ठेवली आणि बाजूला उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. पाठक मॅडमची नजर चुलीजवळच्या पातेल्यावर गेली.

"हे काय, भात घालता त्यांना? शिजवलेला?"

"हो बाई. खळीसारखा करतो. मऊ लागते त्यांले."

"अच्छा." मग माझ्याकडे वळून, "ही तुमच्या घरचीच पद्धत का? छान आहे हं. म्हणजे, इंटरेस्टिंग. मला आपलं वाटलं, तुम्ही झूलॉजीच्या, तुमच्या वडिलांकडे तरी सगळं सायंटिफिक असेल."

सरांनी पोह्यावरची शेव बोटाने टिपली. तेवढ्यात बाबांनी अभिप्रायाची वही आणली, मालकाने ठेवलेली, जाड पुठ्ठ्याची. सरांनी ती माझ्यासमोर धरली.

"मॅडम, तुम्हीच लिहा. तुमच्या विषयातलं आहे. पण निःपक्षपाती लिहा बरं, वडील आहेत म्हणून सांभाळून घेऊ नका."

सगळे हसले. मीही हसले.

"लिव, लिव," बाबा म्हणाले. "चांगलं पानभर लिव. अन् इंग्रजीत लिव. मालकाले दाखवतो."

आणि मी लिहिलं. पानभर, इंग्रजीत, एकही खाडाखोड न करता. ठिकाण सुंदर आहे, पक्ष्यांची विविधता उत्तम आहे. मात्र शिजवलेलं, पिठूळ अन्न वन्य पक्ष्यांना घालणं अशास्त्रीय आहे, त्याने रोगराई पसरू शकते. कामावरच्या व्यक्तीला पक्ष्यांची शास्त्रीय ओळख नाही. इथे प्रशिक्षित माणूस नेमावा अशी शिफारस आहे. खाली सही, सहीखाली पदवी.

कामावरची व्यक्ती. हे दोन शब्द मी लिहिले तेव्हा ती व्यक्ती माझ्यासमोर संत्रं सोलत होती. माझ्यासाठी. फोडीवरचे पांढरे धागे काढून, कारण लहानपणी मला ते आवडायचे नाहीत.

शास्त्राचं म्हणाल तर शिळ्या, बुरसटलेल्या अन्नाने पाखरं आजारी पडतात हे खरं आहे. पण त्या दगडावर शिळं काही नव्हतं. सकाळीच बाबांना तो घासून, धुऊन, पुसून घेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जे पाहिलं ते मी लिहिलं नाही. मॅडम आणि सर ज्याला शास्त्र म्हणतील ते लिहिलं. पाठक मॅडमनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "व्वा. याला म्हणतात ऑब्जेक्टिव्ह." मला बरं वाटलं. हे कबूल केलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला फार बरं वाटलं. वाटलं, आज यांच्या पंगतीत बसले.

शिक्षण पहिल्यांदा घरात येतं तेव्हा ते नवीन चपलेसारखं असतं. दुसऱ्याला कळत नाही, आपल्याला मात्र पावलोपावली कळतं, आणि ते कोणी पाहतंय की नाही इकडे आपलं सारखं लक्ष असतं. ज्यांच्या घरात ते जुनं आहे ते चौथी शिकलेल्या माणसाचं कौतुक करू शकतात. त्यांचं काही जात नाही. मला ते जमलं नाही. मला दाखवायचं होतं की मी बापाचीसुद्धा भीड धरत नाही.

"काय लिवलं वं?" निघताना बाबांनी विचारलं.

"चांगलं लिहिलं," मी म्हटलं.

त्यांनी वही बंद केली नाही. शाई वाळावी म्हणून उघडीच उन्हात धरली.

पुढचं थोडक्यात सांगते. मंगळवारी ते पहिल्या एस.टी.ने काटोलला मालकाच्या घरी गेले. वही गमछ्यात गुंडाळून नेली. रस्त्यात कंडक्टरला दाखवली, हे मला नंतर त्याच रस्त्याने येणाऱ्या आमच्या एका नातेवाइकाकडून कळलं. माझ्या पोरीनं लिवलं, इंग्रजीत, एक पान. कंडक्टरने पान पाहिलं आणि मान डोलावली म्हणे.

आठ दिवसांनी मालकाचा मला फोन आला. आवाज आदबशीर होता. "मॅडम, तुमची सूचना मिळाली. एकदम करेक्ट होती. आम्ही कोर्स केलेला माणूस ठेवला आहे. थँक यू हं."

त्याच दिवशी दुपारी बाबा माझ्या दारात उभे होते. वळकटी, पत्र्याची पेटी, आणि पिशवीभर संत्री. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आता इथंच राहतो. थंडी सोसत नाही तिकडची." मी बाजूला झाले. ते आत आले. बस्स, एवढंच.

तेव्हापासून ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे. पाखरांना दाणे टाकू नयेत अशी सोसायटीची पाटी जिन्यात आहे. ते त्या जाळीमागे खुर्ची टाकून बसतात. पाच वाजता उठायची सवय काही जात नाही. उठतात, स्वतःचा चहा करतात, आणि सात वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहतात. मला ते हात बघवत नाहीत.

आणि नातेवाइकांत एक वेगळीच गोष्ट पसरली. पोरीनं बापाला जंगलातून घरी आणलं. म्हातारपणी कष्ट नको म्हणून नोकरी सोडायला लावली, मालकाला स्वतः पत्र लिहिलं, इंग्रजीत. ही गोष्ट बाबांनीच सांगितली होती. प्रत्येकाला, न विचारता. मी पहिल्यांदा ऐकली ती आतेबहिणीकडून, आणि गप्प राहिले. तिथेच खोडून काढायला हवी होती. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा तर समाजाच्या मेळाव्यात ऐकली, माईकवरून. तिथे दरवर्षी दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार होतो. त्या वर्षी माझाही झाला. शाल, नारळ, आणि वक्त्याने सांगितलं की शिकलेली लेक कशी असावी तर अशी. बाबा पहिल्या रांगेत होते. सगळ्यांच्या आधी त्यांनी टाळी वाजवली. मी स्टेजवर शाल घेऊन उभी राहिले आणि खाली बघितलं नाही.

पाठक मॅडम अजून अधूनमधून विचारतात, "वडील कसे आहेत? ते दशीवाले?" मायेने विचारतात. त्यांना ते नाव लक्षात राहिलं. त्यांच्यावर माझा राग नाही, असं मी म्हणणार होते. पण आहे. त्यांनी एक वाक्य टाकलं आणि विसरल्या. मी त्या वाक्यावर पानभर लिहिलं. तरी राग त्यांच्यावर काढणं सोपं पडतं म्हणून काढते, एवढं मला समजतं.

यंदाच्या मेसेजमधल्या रविवारी मी गेले नाही. दुपारी ग्रुपवर फोटो येऊ लागले. बेहडा तोच. दगड नाहीत. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या लटकत्या नळ्या, त्यात विकतचे दाणे. मातीच्या परळाजागी सिमेंटची टाकी. टोपी आणि खिशावर शिक्का असलेला कोर्सवाला माणूस हसत उभा, हातात फोन. कोणीतरी कौतुकाने खाली लिहिलं होतं, हा मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावतो. मादीचा आवाज लावला की नर धावत येतो. असा आवाज लावून पाखरांना फसवू नये हे मी अकरावीच्या पोरांनाही शिकवते. ग्रुपवर मात्र टाळ्यांची चित्रं पडत होती. मी काही लिहिलं नाही. लिहायची खोड मोडली आहे.

बाबा बाल्कनीत संत्रं सोलत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ नेला, लांब नेला.

"पानी खोल हाये," ते म्हणाले. "लहान पाखरू काठावर पाय टेकवू शकत नाही त्यात. ही मानसं पाहत नाहीत काहून?"

दशीवाला आला का, हे त्यांनी विचारलं नाही. मी फोटो पुढे सरकवत राहिले. आला नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "त्या वहीत मी जे लिहिलं होतं ना..."

"मालूम हाये."

"काय मालूम आहे?"

"मालकाच्या पोरानं वाचून सांगतलं. मराठीत. मीच म्हटलं, अजून एक खेप वाच गा." त्यांनी सालीचा लांब तुकडा न तोडता काढला. "दोन खेप आयकलं."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. तो लांब गेल्यावर मी विचारलं.

"मग लोकांना तसं काहून सांगितलं? की मी तुम्हाला घरी आणलं?"

"मंग काय सांगू? पोरीले येवढं शिकवलं अन् तिनं माह्यावरच रिपोट लिवला?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुह्या नावाले लोकं काही म्हनतीन, ते मले चालत नाही. माह्या आयुष्यात दाखवाले तेवढं एकच हाये."

मी जाळीकडे बघत राहिले. पलीकडच्या गच्चीवर कबुतरं बसली होती, एका ओळीत.

"एक सांग पन," ते म्हणाले. "तू शिकलेली हायेस म्हनून विचारतो. माह्या भातानं एखादं पाखरू मेलं का? तुले कुठं पडलेलं दिसलं?"

"नाही."

"आजारी?"

"नाही, बाबा."

"दगड घासत होतो मी. पाहिलं होतं तू?"

"पाहिलं होतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना जे माहीत होतं ते बरोबर होतं, एवढीच खातरी करून घ्यायची होती. तीन वर्षं हा प्रश्न घेऊन ते या जाळीमागे बसले होते आणि मी रोज त्यांच्यासमोरून पर्स घेऊन कॉलेजात जात होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतो तसा साधा, खरा प्रश्न होता तो.

"मंग लिवलं काहून?"

वर्गात मी पोरांना सांगते, उत्तर येत नसेल तर सरळ येत नाही म्हणावं, त्यात लाज नाही.

मला उत्तर येत होतं.